चार नंबरचं पोतं

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही. करीमचाचांना सांगितली नाही, आणि ते आता राहिले नाहीत. देवापुढे हात जोडून सगळं बोलतो, पण एवढं वगळूनच बोलतो. मग तुम्हालाच का सांगतो? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, असं समजा हवं तर. यवतमाळात माझं फोटोचं दुकान आहे. लोक मला वसंता फोटोवाला म्हणतात. वसंताच्या फोटोवर एक डाग सापडणार नाही, असंही म्हणतात. हे दुसरं कोणी म्हटलं की मी उगाच कात्री शोधायला लागतो.

आधीच एक सांगून ठेवतो. मी सातवीपर्यंत शिकलो, त्यामुळे लिहायला बसलं की शाळेतली भाषा येते. पण घाबरलो की घरची भाषा तोंडात येते. मधेमधे तसं झालं तर समजून घ्या. घाबरून राह्यलो, एवढंच.

कुठून सुरुवात करू? धुळीपासून करतो. धुळीबद्दल मला बोलता येतं.

आमचं घर शिंप्याचं. करीमचाचांच्या कॅमेऱ्याची पिशवी फाटली होती, ती शिवून द्यायला मी त्यांच्या दुकानात गेलो आणि तिथलाच झालो. चाचांचा कॅमेरा घडीचा होता. पुढे ओढला की त्याचा काळा भाता उघडायचा. त्यांनी तो नागपूरहून कोण्या साहेबाकडून घेतला होता आणि तसा दुसरा आता या जन्मी मिळणार नाही असं ते रोज एकदा तरी बजावायचे. "बेटा, फोटो बिगडला तं दुसरा काढता येते. कॅमेरा बिगडला तं तू बी घरी अन् मी बी घरी." मी ऐकायचो. मी फार ऐकायचो — तिथेच घोडं पेंड खातं.

लग्नं, बारशी, कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला आलेली बिऱ्हाडं, हे सोपं काम. अवघड काम कारखान्यांचं. चुनाभट्टीची धूळ मला चालते, ब्रशनं झटकली की जाते. तेलघाण्यावर भिंगावर थेंब उडाला तर तो जपून टिपला की सुटतो. पण रुई! जिनिंगमधे यंत्र सरकी एकीकडे टाकतं आणि रुई एकीकडे, आणि त्या रुईतला बारीक तूस दिवसभर हवेत तरंगतो. तो नाकात जातो, भुवयांवर बसतो, चहात पडतो. भात्याच्या घड्यांत शिरला की निघत नाही. शटरच्या पात्यांत अडकला की मग पुढच्या लग्नात नवरीच्या कपाळावर दोरा दिसतो आणि नवरीचा बाप दुकानात येऊन तमाशा करतो.

म्हणून मी कॅमेऱ्याला गवसणी शिवली. बाहेरून जुन्या गोधडीचं जाड कापड, आतून आईच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं अस्तर, पुढे भिंगापुरतं गोल भोक, त्याला काज्यासारखे दाट टाके. चाचांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली आणि "वाह रे दर्जी!" म्हणाले. जिनिंगमधे रोल कधी बदलायचा नाही, बाहेर झाडाखाली येऊन बदलायचा. कॅमेऱ्याभोवती ओलं कापड टांगायचं, कारण तरंगणारा तूस ओल्या कापडाला चिकटतो आणि पुढे येत नाही. त्यासाठी माझ्याजवळ मलमलचा एक मोठा तुकडा असायचा. तिपाईला आडवी काठी बांधायची, त्यावर ओली मलमल सोडायची, भिंगापुढे एक फट ठेवायची. आत कॅमेरा खुशाल.

पाहा, मी किती वेळ कॅमेऱ्याचंच सांगत बसलो! असंच होतं माझं. त्या दिवशीही असंच झालं.

घाटंजीच्या वाटेवर एक जिनिंग होतं. नाव सांगत नाही, आता ते बंदही पडलं. लांबलचक पत्र्याचा हॉल, आत आठ यंत्रं, प्रत्येक यंत्रापुढे उंच फळीवर बायका उभ्या राहून ओंजळी-ओंजळीनं कापूस टाकायच्या. तोंडाला फडकी बांधलेली. आवाज असा की शेजारच्या बाईला काही सांगायचं तर हातानं. आणि प्रत्येक यंत्राजवळ भिंतीला एक मोठा खिळा, त्या खिळ्यावर एक ओलं तरटाचं पोतं. पोत्यावर डांबरानं आकडा घातलेला, एक ते आठ.

ही पोती आगीसाठी. कापसात एखादा खडा आला, यंत्राचा लोखंडी दांडा तापला, की ठिणगी पडते, आणि रुई पेटली की फुर्र करून पळते. पाणी मारून ती विझत नाही, नुसती इकडेतिकडे उडते. तिच्यावर ओलं पोतं टाकून दाबावं लागतं. म्हणून त्या पोत्याला कोणी हात लावत नसे. बायका घामेजलेला हातसुद्धा त्याला पुसत नसत. खांडेनवमीला यंत्रांच्या बरोबरीनं त्या आठ पोत्यांनाही कुंकू लागायचं.

पोत्यांचं काम सुखदेवकडे होतं. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, उंच, कमी बोलणारा. बादली आणि टमरेल घेऊन तो दिवसभर फिरायचा. पोतं खिळ्यावरून उतरवायचंच नाही, तिथल्या तिथे पाणी मारून भिजवायचं, अशी त्याची पद्धत. खिळा रिकामा दिसला म्हणजे आग लागली असं समजायचं, असं तो नव्या बायकांना सांगायचा. नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा मोटारीत जागा मिळाली नाही म्हणून हा पायी गेलता. पुढच्या खांडेनवमीला मॅनेजरनं कुंकवाचा करंडा पुढे केला, तर हा म्हणाला, "मी आता हे करत नाही जी." आणि दिवसभर बसून त्यानं आठही पोती हौदावर धुतली, आकडे नव्यानं घातले. मॅनेजरला ते लागलं. चार लोकांत तो ते बोलून दाखवायचा.

त्याच हंगामातली ही गोष्ट. जिनिंगच्या मालकांनी, शेठजींनी, नवं इंजिन बसवलं होतं. इंजिनाचा आणि चालू हॉलचा असे दोन मोठे फोटो त्यांना बैठकीत लावायला हवे होते. चाचांना दमा, जिनिंगमधे त्यांना पाच मिनिटंही उभं राहवत नसे. म्हणून मी एकटा गेलो. कॅमेरा पहिल्यांदाच एकट्याच्या हातात दिलेला. मोटारीत मी तो मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या बाईनं तर विचारलंच, "किती महिन्यांचं हाय जी लेकरू?"

इंजिनाचा फोटो आधी काढला. तिथे तेल उडत होतं. माझी मलमल तेलानं बरबटली, बोटाएवढीही कोरी जागा राहिली नाही. ती आता कॅमेऱ्याजवळ नेणं म्हणजे भिंगावर तेल माखून घेणं. मी हॉलमधे आलो आणि आधी वर पाहिलं. त्या हॉलच्या छपराला दोन पत्रे काचेचे होते. तीनच्या सुमारास त्यातून ऊन खाली उतरायचं आणि जेमतेम पाव तास टिकायचं. तेवढ्यातच फोटो निघणार, नाहीतर पुन्हा उद्या, पुन्हा चाचांचं तोंड. ऊन उतरलं होतं. हौद आवाराच्या दुसऱ्या टोकाला. आणि उन्हात तूस दिसत होता. बाप्पा, किती तूस! इतका मी कधी पाहिला नव्हता.

माझी तिपाई चार नंबरच्या जवळ होती. सुखदेवनं तिथे नुकतंच पाणी मारलं होतं, पोत्यातून थेंब टपकत होते. तो पुढच्या यंत्रांकडे गेला, तिथून बादली रिकामी करून हौदाकडे.

हो. मी ते पोतं घेतलं.

दोन मिनिटांसाठी, असं मनात म्हटलं. कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कोणी दिलं नसतं, हे मला माहीत होतं. पोतं काठीवर टाकलं, फट ठेवली, कॅमेरा आत. कोणी पाहिलं नाही. बायकांच्या पाठी माझ्याकडे होत्या, आणि फोटोवाल्याच्या कॅमेऱ्यावर कापड असतंच. बघता बघता पोत्यावर तूस बसून ते पांढरं झालं, आकडाही दिसेना. मी शटर उघडलं, पुरेसा उजेड आत जाईपर्यंत मनात एक-दोन-तीन मोजलं आणि बंद केलं. मनात म्हटलं, जमला बुवा! आणखी एक काढतो. पहिला बहुतेक चांगला आलाच होता. तरी मी आणखी एक काढायला थांबलो.

तेव्हा चार नंबर पेटलं.

आवाज झाला नाही. यंत्राच्या तोंडाशी पिवळं काहीतरी हललं आणि फळीवर उभ्या असलेल्या यमुनाबाईच्या पदराला लागलं. यमुनाबाई म्हणजे तिथलीच, जवळच्या पाड्यावरची, चार नंबरची कायमची बाई. ती ओरडली असेल. मला तिचं तोंड दिसलं, आवाज यंत्रात गेला. सुखदेव धावत आला. त्याचा हात न बघताच खिळ्यावर गेला. खिळा चाचपला. पुन्हा चाचपला. भिंतीवरून खालपर्यंत हात फिरवला — पोतं खाली पडलं असेल म्हणून. एवढ्या धावपळीत तेवढंच मला नीट दिसलं, आणि आजही दिसतं.

मी कुठे होतो? दहा पावलांवर. पोतं कुठे होतं? माझ्या पुढ्यात. हात लांब करून ओढायचं आणि फेकायचं, एवढंच काम होतं. मग काहून नाही केलं? पोतं ओढलं असतं तर त्या धुरात, त्या तुसात भाता उघडा पडला असता, म्हणून? तिपाई कोलमडली असती म्हणून? त्या वेळी एवढं सगळं सुचलं असं मी म्हणू शकत नाही. मी काय केलं ते सांगतो. मी तिपाईचे तिन्ही पाय कवटाळले, आणि कॅमेरा पोत्यासकट उचलून दाराकडे पळालो. ओलं पोतं अंगाशी होतं. मले काहीच झालं नाही. एक केसही जळला नाही.

तीन नंबरचं पोतं कोणीतरी आणेपर्यंत सुखदेवनं अंगातला सदरा काढून, मग नुसत्या हातांनी यमुनाबाईच्या अंगावरची आग दाबली.

बाहेर लिंबाखाली जाऊन मी पहिलं काम कोणतं केलं माहीत आहे? भिंग पाहिलं. फुंकर मारून, तिरपं धरून पाहिलं. स्वच्छ होतं. मग पोत्यावरचा तूस हातानं निघाला आणि खाली आकडा दिसला. चार. गडबडीत ते पिशवीत गेलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण ते तसं नाही. मी इकडेतिकडे पाहिलं, पोत्याची नीट घडी घातली, पिशवीच्या तळाशी ठेवलं आणि वरून गवसणी ठेवली. शिंप्याचा मुलगा आहे. घडी चांगली येते मला.

यमुनाबाईला शेठजींच्या मोटारीतून यवतमाळला दवाखान्यात नेलं. ती वाचली. उजवा हात कोपरात आखडला तो आखडलाच, यंत्रावर पुन्हा उभी राहिली नाही. आगीची झळ न लागलेली पाच यंत्रं दुसऱ्या दिवशी चालू झाली.

मी डार्करूममधे गेलो. लाल दिव्याखाली कागद औषधाच्या पाण्यात हलवत होतो. हळूहळू हॉल वर आला. उन्हाचे दोन पट्टे, बायकांच्या पाठी, भिंत, भिंतीवर ओळीनं लोंबणारी काळी पोती — एक, दोन, तीन. आणि मग खिळा. नुसता. ऊन नेमकं त्याच भिंतीवर पडलं होतं. खिळ्याची सावलीसुद्धा आली होती. आणि फोटोत एक डाग नाही! तुसाचा एक तंतू नाही. मी आयुष्यात काढलेला सगळ्यात स्वच्छ फोटो तो. चाचा दम लागलेला असतानाही खुर्चीतून उठून फोटो उजेडात घेऊन गेले, "कमाल केली रे पोऱ्या, जिनिंगमधे असा फोटो म्या बी नाही काढला," म्हणाले. आणि सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. खिळा दिसत होता, कळत होतं, तरी मला आनंद झाला.

तो फोटो मी फाडून टाकू शकलो असतो की नाही? रुईनं घात केला, फोटो बिघडला, असं म्हणालो असतो तर एका माणसानंही शंका घेतली नसती. जिनिंगमधले निम्मे फोटो असेच जातात. पण नाही. एवढा चांगला आलेला फोटो! मी तो पुठ्ठ्यावर चिकटवला आणि घेऊन गेलो.

मॅनेजरनं आधी तो नुसता पाहिला. मग डोळ्यांजवळ नेला. मग सुखदेवला बोलावलं. सुखदेव आला तेव्हा त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत पट्ट्यांत होते. मॅनेजरनं मला विचारलं, "हा फोटो आगीच्या आधीचा ना?"

मी म्हणालो, "हो."

"मग पोतं कुठे आहे?"

मी म्हणालो, "दिसत नाही."

बघा, एकही शब्द खोटा नाही. घरी येताना मोटारीत मी हेच घोकत होतो, की मी खोटं बोललो नाही. इतकं घोकलं की शेजारचा माणूस पाहून राह्यला.

सुखदेव म्हणाला होता, "पोतं होतं जी खिळ्यावर. म्या पाणी मारलं." मॅनेजरनं फोटो त्याच्यापुढे धरला. पट्ट्यांमुळे त्याला तो हातात घेता येईना, म्हणून तो वाकून पाहत राहिला. बराच वेळ. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तुम्ही होता ना तिथे, तुम्हाला काही आठवतं का, असं विचारल्यासारखं. मी फोटोकडे पाहायला लागलो. मॅनेजर म्हणाला, "देवाले कुंकू लावायची लाज वाटते, मग कामात लक्ष कुठून राहीन?" बाकीचे दोघं-तिघं हसले. मी हसलो नाही. हे मी माझ्या बाजूनं सांगून राह्यलो का? राहू द्या, खोडून टाकायला पाहिजे.

सुखदेवला त्याच दिवशी काढलं. पोतं विसरून बाई जाळली, हे त्याच्या नावाला चिकटलं. दुसऱ्या कोणत्या जिनिंगमधे त्याला उभं करेनात. तो राळेगावकडे निघून गेला असं ऐकलं. शेठजींनी फोटोला काच लावली आणि बैठकीत टांगला.

मग वर्षं गेली. चाचा गेले, दुकान माझं झालं, कॅमेराही माझा झाला. दुकानाचं दार वाजलं की मला वाटायचं, सुखदेव आला. कधी वाटायचं यमुनाबाई आली. तिनं त्या दिवशी माझ्याकडे पाहिलं होतं का? दाराकडे पळताना तिला मी दिसलो का? एकदा बाजारात आखडलेल्या हाताची एक बाई दिसली तर मी भाजीची पिशवी तिथेच सोडून घरी आलो. बायको म्हणाली, भूत पाहिलं का? मी म्हणालो, ऊन लागलं. श्रावण होता.

आणि चार वर्षांपूर्वी तो खरंच आला.

दुपारची वेळ, दुकानात मी एकटा. दारात उंच माणूस, डोक्याला पांढरा पटका, बरोबर मुलगी. मी त्याला त्याच्या हातांवरून ओळखलं. तळव्यांची कातडी गुळगुळीत, ओढल्यासारखी, बोटं पुरती मिटत नव्हती. माझ्या हातातला ब्रश खाली पडला. त्यानं वाकून उचलून दिला. "वळखलं का वसंताभाऊ? मी सुखदेव. हे माही सुजाता. मॅट्रिक झाली, नर्सच्या फारमाले फोटो पाह्यजे."

मी बसा म्हटलं, पाणी दिलं, पडदा ओढला, दिवे लावले. फोकस दोनदा चुकला, पुन्हा लावला. मुलगी हुशार, टक लावून समोर पाहणारी. तिचा फोटो काढला. मग मी सुखदेवला म्हटलं, तुम्हीही बसा, दोघांचा एक काढतो. कायले जी, म्हणत तो बसला. हात त्यानं उपरण्याखाली घेतले.

फोटो झाला. मुलगी बाहेर काचेतले फोटो पाहायला गेली. सुखदेव उठला नाही. पायाखालच्या फळीकडे बघत म्हणाला, "भाऊ, एक इचारू का? मनावर नका घेऊ."

मी कॅमेऱ्याला गवसणी घालायला लागलो.

"मले आजही वाटते का त्या दिवशी चार नंबरले पोतं होतं. म्या पाणी मारलं, त्याचा गारवा हाताले आठोते. या हातायले दुसरं काही समजत नाही आता, पण तो गारवा समजते. पण तुमच्या फोटोत तं खिळा खाली होता. मंग मी रात-रात इचार करतो, का बाप्पा, मले येड तं नाही लागलं? फोटो तं खोटं नाही बोलत ना, भाऊ?"

तो भांडायला आला नव्हता. त्याला माझ्यावर शंका नव्हती. त्याला फक्त हे पाहिजे होतं, की त्याच्या डोक्यात आहे ते खरं की कागदावर आहे ते. ते सांगू शकेल असा माणूस या जगात एकच होता, आणि तो त्याच्यासमोर उभा होता. दुकानात कोणी नव्हतं. मॅनेजर नव्हता, शेठजी नव्हते, चाचा नव्हते. कॅमेऱ्याला काही होणार नव्हतं. मले काही झालं असतं का? फार तर त्यानं मले मारलं असतं.

मी म्हणालो, "फोटो कायले खोटं बोलन, सुखदेवभाऊ?"

घरच्या भाषेत म्हणालो. घाबरलो होतो.

त्यानं मान हलवली. "तेच तं. म्हंजे माहंच चुकलं. एकदा कोणाच्या तोंडून आयकाचं होतं." मग उठता उठता त्यानं सांगितलं, की तो दरसाल पावसाळ्याआधी यमुनाबाईच्या पाड्यावर जातो. तिच्या घरी करणारं कोणी नाही. तिचं छप्पर शाकारून देतो. दोन दिवस लागतात, आधी एका दिवसात व्हायचं, आता दोरी आवळता येत नाही. पहिल्या वर्षी तिनं त्याला दारातून हाकललं होतं. आता भाकर देते. "माह्या हातून झालं, तं मलेच फेडलं पाह्यजे," म्हणाला. जाताना त्यानं मला नमस्कार केला. ते जुळत नसलेले हात जोडून.

मुलीचा फोटो फार छान आला. एक डाग नाही.

दोघांचा फोटो तो घेऊन गेला नाही, एकच पाहिजे म्हणाला. तो माझ्याकडे आहे. माझ्या दुकानात फोटोसाठी बसायची खुर्ची एका लाकडी फळीवर ठेवली आहे. त्या फळीखाली पेटी आहे. त्या दुपारी सुखदेवचे पाय त्या फळीवर होते, आणि पोतं त्याच्या पायाखाली, पेटीत, घडी घातलेलं. मधे एक इंच लाकूड. ते मी फेकलं नाही, जाळलं नाही, कोणाला दाखवलंही नाही. मधूनमधून काढून झटकतो, कसर लागू नये म्हणून. अजून त्याच्या विणीतून रुईचे तंतू निघतात.

चार वर्षांत मी राळेगावला दोनदा लग्नाच्या फोटोंसाठी गेलो. त्याचं घर कुठे आहे ते विचारलं, कळलं, आणि परत आलो. यंदाही वैशाखात तो यमुनाबाईच्या छपरावर चढला असेल.

त्याला येड लागलेलं नाही. त्या दिवशी चार नंबरला पोतं होतं. सुखदेवनं त्यावर पाणी मारलं होतं.